ऑडी टीटी खोलून ठेवलीय, पार्ट सुटे विकू की कुर्ल्याला एकगठ्ठा देऊन टाकू?

मुलुंडचा_टीटीवाला:

मंडळी नमस्कार. ज्यांनी कधी गाडी खोलून पार्ट विकलेत किंवा असे पार्ट घेऊन आपल्या गाडीला लावलेत त्यांचं मत हवंय, पोस्ट जरा मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

माझी २०११ ची ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, ८जे म्हणतात ती, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद, २११ पीएस, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गेल्या पावसाळ्यात सोसायटीतला गुलमोहर रात्री मुळासकट आडवा झाला तो नेमका हिच्यावर. छप्पर, पिलर, मागची काच, डिकी, स्पॉयलर सगळं खाली बसलं. गाडीला वर्षं झाली म्हणून इन्शुरन्स थर्ड पार्टीच होता, त्यामुळे क्लेम वगैरे काही नाही. बॉडीशॉपवाल्यांनी बघून हात जोडले, कारण या गाडीचं शेल, म्हणजे बॉडीचा सांगाडा, बरंचसं ॲल्युमिनियमचं, रिव्हेट आणि ॲडहेसिव्हने जोडलेलं, छप्पर कापून नवं बसवायचं तर खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो आणि तरी आधीसारखी मजबूत होईल याची खात्री कोणी देईना.

मग थंडीत मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही त्याच्या भांडुपच्या गाळ्यात ती सावकाश खोलली. घाई अजिबात केली नाही, प्रत्येक पार्टचे बोल्ट वेगळ्या झिपलॉक पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, वायरिंगच्या प्रत्येक कनेक्टरला टेप लावून कुठला ते लिहिलंय. ही गाडी मी फार जीव लावून ठेवली होती, त्यामुळे तिचं जे जे चांगलं आहे ते कुठल्यातरी चालत्या गाडीत जावं एवढीच इच्छा आहे.

आता गाळ्यात काय काय आहे तर इंजिन टर्बोसकट, गिअरबॉक्स, पुढचा ॲल्युमिनियमचा सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) आणि सस्पेन्शनचे आर्म, मागचा डिफ आणि हॅल्डेक्स (मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच), १८ इंची चार अलॉय, दोन्ही झेनॉन हेडलाइट, बॉनेट, पुढचे फेंडर, बंपर, दोन्ही दरवाजे (डाव्याला वरून डेंट), सीट, खालून चपटं स्टिअरिंग, मीटर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), दोन चाव्या, पूर्ण वायरिंग. शेल तिथेच एका कोपऱ्यात उभं आहे.

प्रॉब्लेम असा की मे संपायच्या आत गाळा रिकामा करायचाय, तिथे भाडेकरू येतोय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे एक शेठ येऊन बघून गेले. सगळं मिळून अडीच लाख म्हणाले. आणि आरसी, दोन्ही चाव्या, चेसिस नंबरसकट शेल असं सगळं दिलं तर चार. माझ्या मावसभावाचं म्हणणं चार घे आणि मोकळा हो. मला ते कसंतरीच वाटतंय पण का ते नीट सांगता येत नाहीये. सुटं विकायचं तर किंमत कशी ठरवायची, घेणारा कोण, कागदपत्रं काय लागतात?

चेंबूरचा_पक्या:

भाऊ माझं ऐक, अडीच घे आणि विषय संपव. मी नुसते चार अलॉय ऑनलाइन टाकले होते तर फोन घेऊन घेऊन कंटाळलो, प्रत्येकाचा पहिला प्रश्न लास्ट किती आणि दुसरा प्रश्न घरपोच देणार का. तुझ्याकडे तर अख्खी गाडी आहे, त्यात मेची डेडलाइन. हेडलाइट आणि अलॉय स्वतःकडे ठेव, ते कधीही विकले जातात, बाकी शेठला देऊन टाक. फक्त आरसीचं मात्र नीट विचारून कर, त्यातलं मला फारसं कळत नाही.

स्पॅनर_दादा:

पक्या म्हणतो तसं करायची घाई करू नकोस, पण आधी तुझं गिऱ्हाईक कोण ते नीट समजून घे, कारण टीटीवाला शोधत बसलास तर मे काय पुढची दिवाळी येईल. आपल्याकडे टीटी आहेतच किती. तुझं गिऱ्हाईक स्कोडाचा लॉरावाला, फोक्सवॅगनचा जेट्टावाला, थोडाफार सुपर्ब आणि पसाटवाला, सगळ्या ऑडीच्याच ग्रुपच्या गाड्या. टीटी ८जे ज्या पीक्यू३५ प्लॅटफॉर्मवर बांधलीय त्याच्यावरच लॉरा आणि पाचव्या पिढीची गोल्फ आहे, त्यामुळे कातडी काढली की आत बरंचसं एकाच घरातलं सामान आहे. ही माणसं पार्टसाठी अक्षरशः तडफडत असतात, नवीन घ्यायला गेलं की किंमत ऐकून गाडी विकावीशी वाटते.

कुठला पार्ट कुठे जाईल ते तुला पार्टच सांगतो. प्रत्येक पार्टवर स्टिकर असतो, नसेल तर प्लास्टिकवर किंवा कास्टिंगवर चार रिंगांच्या खुणेजवळ नंबर उठवलेला असतो, टॉर्च तिरका धरला की दिसतो. पहिली तीन अक्षरं बघ. ८जे० असेल तर पार्ट टीटीसाठीच काढलेला. १के० असेल तर गोल्फ पाचवरून आलेला, म्हणजे लॉरा जेट्टाला लागायची शक्यता भरपूर. १झेड० दिसला तर तो मुळातच ऑक्टाव्हियाचा, म्हणजे आपल्या लॉराचा. ०६जे म्हणजे या इंजिनाच्या फॅमिलीचा, ०२ई म्हणजे डीएसजीचा. डावा उजवा असलेल्या पार्टमध्ये नंबर विषम असेल तर डावा, सम असेल तर उजवा. आणि एकदम शेवटचं अक्षर म्हणजे आवृत्ती, ते बदललं की कधी कधी कनेक्टरसुद्धा बदलतो, म्हणून पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहायचा. तुझ्याकडे पार्ट नीट मांडलेले आहेतच तर एक दिवस बसून सगळ्यांचे नंबर वहीत उतरव. नंबरशिवाय जाहिरात टाकलीस तर माझ्या गाडीला बसेल का एवढंच ऐकत बसशील, नंबर टाकलास की ज्याला कळतं तो स्वतः शोधत येतो आणि घासाघीसही कमी करतो.

आता पार्टनिहाय सांगतो.

सबफ्रेम आणि ॲल्युमिनियम आर्म ही तुझी लॉटरी आहे. लॉरा जेट्टाला बहुतेक स्टीलचे असतात, हे हलके आणि ताठ, शौकीन लोक परदेशातून मागवून लावतात. सबफ्रेम आणि दोन्ही आर्म एकत्र वीक, सुटं करू नकोस. बुश (सांध्यातले रबर) आणि बॉल जॉइंटची हालत खरी खरी सांग, ते तसेही नवीनच टाकावे लागतात.

अलॉय ५ x ११२ (पाच बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळावर), सेंटर बोअर म्हणजे मधलं भोक ५७.१ मिमी, म्हणजे लॉरा सुपर्ब जेट्टाच्या हबवर बसतात. पण रुंदी आणि ईटी (ऑफसेट, रिम किती आत-बाहेर बसतो तो आकडा) आतल्या बाजूला कोरलेली असते तिचा फोटो टाकच, टीटीचे रिम लॉराच्या रिमपेक्षा रुंद असतात, टायर कुठे घासेल ते घेणाऱ्याने बघायचं. बोल्ट सोबत दे आणि सांग की हे गोल सीटचे आहेत, बाहेरच्या अलॉयचे कोनवाले बोल्ट यात घातले तर नीट बसत नाहीत आणि ढिले होतात. आणि आपल्या रस्त्यांवर चाललेले अलॉय बाहेरून कितीही चकाचक दिसले तरी आतल्या कडेला वाकलेले असतात, एखाद्या टायरवाल्याकडे बॅलन्सिंग मशीनवर चारही फिरवून व्हिडिओ काढ. तो व्हिडिओ असला की पाहिजे ती किंमत माग.

हेडलाइट. आपण डावीकडून गाडी चालवतो त्यामुळे बीमचा कट इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपानच्या गाड्यांसारखा, युरोपचे स्वस्तात मिळाले तरी इथे कामाचे नाहीत. म्हणून तुझ्या जोडीला भाव आहे. पण फक्त टीटीवाल्याला लागतील, तेव्हा या एका वस्तूसाठी थांबायची तयारी ठेव.

इंजिन ईए८८८ ची दुसरी पिढी. घेणारा दोन गोष्टी विचारणारच, ऑइल पितं का आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर बदललाय का. या पिढीत पिस्टन रिंगमुळे ऑइल खायची तक्रार जगभर आहे, आणि जुन्या टेन्शनरने दगा दिला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व वाकतात. टायमिंगच्या खालच्या कव्हरला रबरी बूच असतं ते काढून टॉर्चने आत बघ, टेन्शनर जुना आहे की सुधारित ते दिसतं, फोटो काढून जाहिरातीत टाक. इनटेक काढलेलाच असेल तर व्हॉल्वचाही फोटो टाक, डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे तिथे कार्बन बसतोच, तो लपवू नकोस. आणि आजच्या आज एक काम कर. सगळे पोर्ट टोपणं लावून बंद कर, प्लगच्या भोकातून थोडं थोडं इंजिन ऑइल सोड आणि क्रँक पान्याने हळूहळू फिरव. मेच्या दमट हवेत उघडं इंजिन पडलं की सिलिंडरच्या भिंतीला गंज धरायला वेळ लागत नाही.

डीएसजी डीक्यू२५०, ओल्या क्लचचा, चांगला बॉक्स आहे. पण तुझा क्वाट्रोचा, मागे ड्राइव्ह काढणारा, तो पुढची चाकं ओढणाऱ्या लॉराला जसाच्या तसा लागत नाही. त्याच्यातलं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलायचा कंट्रोल) मात्र लॉरा डिझेल डीएसजीवाले बघतात, अर्थात सॉफ्टवेअर जुळवावं लागतं ते आधीच सांगायचं. दर ६०,००० किमीला ऑइल बदलल्याची बिलं असतील तर शोधून ठेव.

ईसीयू, मीटर आणि चाव्या एकमेकांना इमोबिलायझरने (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) बांधलेल्या असतात, यांचा एकच सेट म्हणून वीक. मीटर एकाला आणि ईसीयू दुसऱ्याला दिलास तर दोघंही तुझ्या नावाने खडे फोडतील.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नक्की कुठे आहे ते बघ. लोक सायलेन्सर म्हणून किलोवर मागतात. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, तो कधीही लोखंडाच्या भावात द्यायचा नाही.

काही वस्तू विकूच नकोस. ब्रेक पॅड, डिस्क, जुने होज, सीट बेल्ट, आणि वॉटर पंप थर्मोस्टॅटचं युनिट, त्याची बॉडी प्लास्टिकची असते आणि कालांतराने गळतेच, ज्याला विकशील त्याचं इंजिन गरम होईल.

किंमतीचं म्हणशील तर नवीन पार्टचा भाव नंबरवरून काढ आणि परदेशात तोच जुना पार्ट कितीला जातो ते बघ, त्यात तिकडून आणायचा खर्च आणि कस्टम धर. घेणाऱ्याला तुझ्याकडून घेणं त्याच्यापेक्षा स्वस्त पडलं की सौदा होतो.

कागदपत्र_काका:

वरचं सगळं ठीक आहे, दादांनी फार छान सांगितलंय, पण पार्टच्या आधी कागद. मी आरटीओची कामं करतो म्हणून कळकळीने लिहितोय.

तुम्हाला चार लाखांचं कसंतरी वाटतंय ना, ते अगदी बरोबर वाटतंय. पार्ट तेच, माल तोच, मग आरसी आणि चेसिस नंबर दिला की दीड लाख वाढतात कशाचे? ते दीड लाख कागदाचे आहेत. जिवंत आरसी, खऱ्या चाव्या आणि चेसिस नंबरचा तुकडा एवढं हातात आलं की तसल्याच मॉडेलची, तसल्याच रंगाची कुठूनतरी चोरलेली गाडी तुमच्या गाडीच्या नावाने रस्त्यावर येऊ शकते. शेठ करतील असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडून पुढे कोणाकडे जाईल ते त्यांनाही माहीत नसेल. पण उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं किंवा ती कुठल्या गुन्ह्यात सापडली तर नोंदीत नाव तुमचं, पत्ता मुलुंडचा, आणि पोलीस पहिले तुमच्या दारात. पार्ट विका, कागद विकू नका.

कायदा काय सांगतो तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर नोंदणी करणाऱ्या आरटीओला कळवून आरसी जमा करायची. तुमचे १४ दिवस कधीच गेलेत पण त्याने घाबरायचं कारण नाही, आता कळवा. गाडी एमएच ०३ असेल तर वडाळा. अर्जात झाड पडल्याची तारीख लिहा, त्या वेळचे फोटो, सोसायटीचं पत्र जोडा, पोलिसांत नोंद केली असेल तर तिची कॉपी.

शेल मात्र भंगारवाल्याला देऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं झालीत, यादी वाहन पोर्टलवर मिळते. ते गाडी घेण्याआधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) चोरीच्या नोंदी तपासतात, मग डिपॉझिट सर्टिफिकेट देतात आणि नंतर स्क्रॅप केल्याचं. ही दोन्ही कागदं आयुष्यभर जपून ठेवा. डिपॉझिट सर्टिफिकेटवर नवीन गाडी घेताना टॅक्समध्ये सवलतही मिळते. एक गोष्ट आधी फोन करून विचारा, की इंजिन गिअरबॉक्स काढलेलं शेल घेता का आणि कोणत्या भावाने. पूर्ण गाडी आणि सांगाडा यांच्या भावात फरक असणार, आणि इंजिन कुठे गेलं हेही ते विचारणार. तुमच्या शेलमध्ये ॲल्युमिनियम जास्त आहे हे त्यांना आवर्जून सांगा, लोखंडाच्या भावात जाऊ देऊ नका.

कर्ज होतं का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ भरून बोजा उतरवून घ्या, लोक कर्ज फेडतात आणि हे विसरतात. ई-चलान बाकी असेल तर भरून टाका, नाहीतर फाइल तिथेच अडते. फास्टॅग बंद करा. नंबर प्लेट कोणालाही आठवण म्हणूनसुद्धा देऊ नका.

इंजिनाचं वेगळं. इंजिन नंबर आरसीवर असतो, त्यामुळे इंजिन विकताना साधी पावती पुरत नाही. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर (१०० चा आता चालत नाही, २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात ५०० चा लागतो) इंजिन नंबर, चेसिस नंबर, कोणत्या गाडीतून काढलं, कोणाला दिलं, किती रुपयांना दिलं ते लिहून नोटरी करा, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी जोडा. तो ते आपल्या गाडीत टाकणार असेल तर कलम ५२ खाली त्याच्या आरटीओची परवानगी त्याला काढावी लागेल, त्याला तुमचा हा कागद लागेलच. बाकीच्या पार्टला साधं बिल पुस्तक आणा, प्रत्येक पार्टवर चेसिस नंबरचा उल्लेख करून सही करून द्या. घेणाऱ्याचाही त्यात फायदा आहे, कारण चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि तुमच्या बिलामुळे त्याच्याकडे दाखवायला कागद राहतो.

मुलुंडचा_टीटीवाला:

काका, दादा, खरंच मनापासून आभार. कर्ज कधीच फिटलंय पण फॉर्म ३५ झालाय का ते आज ऑनलाइन बघितलं तर बोजा अजून दिसतोय, उद्याच बँकेत जातो. शेठना फोन करून आरसी देणार नाही म्हणून सांगितलं, ते म्हणाले मग अडीचपण नाही, दोन देईन. त्यांना नको म्हणालो.

दादा तुम्ही सांगितलं तसं इंजिन बंद करून ऑइल घातलं, क्रँक मऊ फिरतोय. बुचातून बघितलं तर टेन्शनर सुधारित आहे, सर्व्हिसच्या फाइलमध्ये बदलल्याचं बिलही सापडलं. आर्मवर नंबर १के० ने सुरू होतोय की ३सी० ने ते पुसट झालंय, घासून बघतो.

एक प्रश्न राहिला, एअरबॅगचं काय करू? एकही फुटलेली नाही. स्टिअरिंगला चांगली मागणी आहे असं दिसतंय, सगळे एअरबॅगसकट द्या म्हणतात. आणि दादरचा एक मुलगा कॉम्प्युटरवर रेसिंग खेळायची सीट बनवतोय, त्याला ड्रायव्हर सीट हवीय.

लॉरावाली_ठाणे:

एअरबॅगचं दादा सांगतीलच, मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते कारण माझी लॉरा १.८ टीएसआय आहे आणि तिला जुने पार्ट लावूनच ती इतकी वर्षं धडधाकट ठेवलीय.

तुम्ही जे झिपलॉक आणि टेपचं लिहिलंय ना, त्याचेच फोटो पहिले टाका. जुना पार्ट घेताना आम्हाला सगळ्यात जास्त भीती असते ती कापून ओढून काढलेल्या मालाची. वायरिंग कनेक्टरच्या मागे दोन इंचावर कापलेलं असेल तर तो पार्ट अर्ध्या किमतीचाही नाही, आणि जुन्या बाजारात बहुतेक तसाच मिळतो कारण तिथे खोलायला वेळ कोणाकडे असतो. तुमच्याकडे कनेक्टर शाबूत आहेत ही फार मोठी गोष्ट आहे.

मी एकदा ऑनलाइन हेडलाइट घेतला, फोटोत समोरून काचेसारखा स्वच्छ. खोका उघडला तर मागचे दोन कान (बोल्टने बसवायच्या पट्ट्या) तुटलेले आणि तिथे फेविक्विक. विक्रेत्याने नंतर फोनच उचलला नाही. म्हणून तुमच्या दोन्ही हेडलाइटच्या प्रत्येक कानाचा जवळून फोटो टाका, दिवसा उजेडात, फ्लॅश न मारता. जिथे ओरखडा आहे तिथे बोट ठेवून फोटो काढा. दोष आधीच दाखवणाऱ्या माणसाकडून मी दोन पैसे जास्त देऊनही घेते, आमच्या ग्रुपमधले सगळेच घेतात.

किंमत जाहिरातीतच लिहा, इनबॉक्स करा वगैरे नको. आणि पैशाचं सांभाळा, मी बाहेरगावी पोस्टिंगला आहे, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील असं सांगणारे फोन येणारच. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. मोठ्या वस्तूला गाळ्यावर येऊन बघा आणि घेऊन जा एवढंच ठेवा, येणारा माणूस खरा असतो. बाहेरगावचा असेल तर ट्रान्सपोर्टने लाकडी क्रेटमध्ये, क्रेटचा खर्च त्याचा, आणि गिअरबॉक्स पाठवताना आतलं ऑइल काढून, भोकं बंद करून.

आणि हो, सबफ्रेम आणि आर्म मला हवेत. नंबर ३सी० निघाला तरी चालेल, तो पसाटच्या घरातला, आमच्याकडे लोकांनी लावलाय. तुम्ही किंमत सांगा.

स्पॅनर_दादा:

टेन्शनर सुधारित निघाला म्हणजे इंजिन आरामात जाईल, बिलाचा फोटो टाकच.

एअरबॅग. एकही विकायची नाही, हे मी कोणालाही सांगताना जरा कडक बोलतो तर राग मानू नकोस. एअरबॅग म्हणजे कापडाची पिशवी नाही, आत दारू आहे जी डोळ्याची पापणी लवायच्या आत पेटते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगच्या प्रकरणात जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून आतली दारू बिघडली आणि फुटताना धातूचे तुकडे माणसांना लागले. तुझ्या एअरबॅग त्या कंपनीच्या आहेत का नाहीत हा प्रश्नच नाही, मुंबईच्या हवेत इतकी वर्षं काढलेली, वर झाडाचा दणका खाल्लेली, पावसात भिजलेली एअरबॅग दुसऱ्याच्या छातीसमोर बसवायची नाही. कुरिअरनेही पाठवायची नाही.

स्टिअरिंग दे, पण एअरबॅग काढून, आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांग की नवीन एअरबॅग आणि मॉड्यूलचं कोडिंग त्याने स्वतः करून घ्यायचं. एअरबॅगशिवाय नुसतं लावून फिरणार असं म्हणाला तर त्याला देऊ नकोस, पैसे गेले तर गेले. 

सीटचं तर फार लोकांच्या लक्षातच येत नाही. टीटीच्या सीटच्या पाठीत बाहेरच्या बाजूला साइड एअरबॅग असते. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसेल, पिवळा म्हणजे एअरबॅगचं सर्किट. तो दादरचा मुलगा सीट घरात नेऊन त्याला आपल्या रिगचा बारा व्होल्टचा सप्लाय जोडून सीट पुढेमागे करायला गेला आणि चुकून त्या वायरीला करंट लागला तर सीटवर बसलेला माणूस जखमी होईल. बेल्टच्या बकलवर प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट झटक्यात ओढणारा) असेल तर त्यातही तसंच. तेव्हा जाणकार माणसाकडून साइड एअरबॅग बाहेर काढून मगच सीट दे. तू स्वतः उकरत बसू नकोस, मी भांडुपच्या जवळच असतो, शनिवारी येऊन काढून देतो, चहा पाजशील तेवढं पुरे. तोवर सगळ्या एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेव, पालथ्या नको, आणि उन्हात नको.

काढलेल्या सगळ्या एअरबॅग शेलसोबत स्क्रॅपिंग केंद्राला दे, त्या निकामी करायची सोय त्यांच्याकडे असावी लागते. बॅटरी, काढलेलं ऑइल, कूलंट तेही गटारात न सोडता तिकडेच. एसीचा गॅस आधी मशीनने काढला होतास का? नसेल तर कुठली पाइप उघडली होतीस ते सांग.

कागदपत्र_काका:

दादांच्या म्हणण्याला पूर्ण पाठिंबा. त्यात एवढीच भर, की स्क्रॅपिंग केंद्राला देताना एअरबॅग किती दिल्या ते पावतीवर लिहून घ्या. आणि आरटीओच्या अर्जाची पोच मिळाल्याशिवाय इंजिनाचा सौदा पक्का करू नका, टोकन घ्या हवं तर.

मुलुंडचा_टीटीवाला:

गॅस आधीच एसीवाल्याला बोलवून मशीनने काढला होता दादा, पाइपांना टोपणं आहेत. एअरबॅग तुम्ही म्हणता तशा ठेवल्या, दादरच्या मुलाला शनिवारनंतर ये म्हणून कळवलं, त्याला पिवळ्या कनेक्टरचं सांगितलं तर तो म्हणाला मला हे माहीतच नव्हतं.

एका स्क्रॅपिंग केंद्राला फोन झाला, सांगाडा घेतात, भाव कमी देतात पण ॲल्युमिनियमचं वजन वेगळं धरतो म्हणाले, आरसी मूळ लागेल आणि इंजिन वेगळं विकल्याचा कागद लागेल. म्हणजे आधी बँक, मग वडाळा (मूळ आरसी तिथे जमा करायची की केंद्राला द्यायची तेही तिथेच विचारतो), मग इंजिन, मग शेल असा क्रम लावलाय. मे अखेरपर्यंत शेल आणि इंजिन गेलं तर बाकी सगळं मावसभावाच्या पोटमाळ्यावर मावतं, तो आता तयार झालाय.

ताई, आर्म घासून बघितले, ३सी० आहे. डाव्या आर्मचं मागचं बुश थोडं चिरलंय, फोटो पाठवतो. सबफ्रेम सरळ आहे. रविवारी आलात तर समोर बघून किंमत ठरवू.

लॉरावाली_ठाणे:

चालेल, रविवारी सकाळी अकराला येते, सोबत आमचे मेकॅनिक असतील. बुश मी तसेही नवीनच टाकणार आहे. आणि सबफ्रेमचे जुने बोल्ट दिलेत तरी मी लावणार नाही, ते एकदा ताणून बसवायचे असतात, नवीन मागवून ठेवलेत. बिल मात्र काकांनी सांगितलं तसं चेसिस नंबर टाकून द्या.